पणजोबांच्या ट्रंकेतलं ‘टॉम्पियन, लंडन’ घड्याळ: खरं की खोटं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की पणजोबांच्या ट्रंकेत चांदीचं जाडजूड खिशातलं घड्याळ सापडलं, उघडल्यावर मागच्या प्लेटवर ‘टॉम्पियन, लंडन’ असं कोरलेलं दिसलं, चावी हरवलेली आहे, आणि एका दुकानदाराने बघितल्या बघितल्या ‘हे कोटीत जाईल, माझ्याकडे ठेवून जा’ असं सांगितलं. तर हा टॉम्पियन कोण, घड्याळ खरं आहे का, आणि चालू करून घ्यावं का.

आधी तिसऱ्याचं उत्तर. चालू करू नका आणि कोणाकडे ठेवूनही जाऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो.

आणि दुसऱ्याचंही लगेच सांगून टाकतो, उगाच टांगणीला कशाला लावू. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, म्हणजे पांढरा डायल, मिनिटांच्या आकड्यांखाली देवळीसारख्या छोट्या छोट्या कमानींची रांग, बॅलन्सवरची, म्हणजे आतल्या हलत्या गोल कड्यावरची, कोरीव जाळी दोन्ही बाजूंनी दोन स्क्रूंनी बसवलेली, केसवर नंबर नाही, यावरून हे टॉम्पियनचं नाही. जवळजवळ खात्रीने नाही. पण म्हणून ते भंगारही नाही हो, कारण ज्यांनी ही नक्कल केली तेसुद्धा बहुतेक अडीचशे वर्षांपूर्वीचे लोक आहेत.

मी गेली पस्तीस वर्षं घड्याळं उघडतोय, वडिलांच्याच बेंचवर. खरं टॉम्पियन माझ्या बेंचवर कधी आलेलं नाही हे आधीच सांगतो, ते मी बघितलं लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये, मुलीकडे गेलो होतो तेव्हा, काचेला नाक लावून, इतका वेळ की तिथला गार्ड दोनदा येऊन बघून गेला. पण अठराव्या शतकातली साधी लंडनची व्हर्ज घड्याळं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या यंत्रणेची, डझनभर तरी माझ्या हातून गेली आहेत, आणि ‘टॉम्पियन’ नावाची दोन आली. दोन्ही खोटी.

आता हा माणूस कोण ते. थॉमस टॉम्पियन, जन्म १६३९, इंग्लंडात बेडफर्डशायर नावाचा भाग आहे तिथल्या नॉर्थहिल गावचा, लोहाराचा मुलगा. हे लोहाराचं लक्षात ठेवा, कारण पुढे लोक त्याला शास्त्रज्ञ वगैरे म्हणतात, पण तो मुळात घण आणि कानस घेऊन वाढलेला माणूस. १६७१ मध्ये तो लंडनच्या घड्याळजींच्या कंपनीत दाखल झाला. कंपनी म्हणजे आपल्याला वाटते तशी कंपनी नाही, कारागिरांची संघटना, तिची परवानगी असल्याशिवाय शहरात धंदा करता यायचा नाही. फ्लीट स्ट्रीटला लागून वॉटर लेन होती, तिच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान.

१६७४ मध्ये त्याची गाठ पडली रॉबर्ट हूकशी. तोच हूक, शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो ना आपण, जेवढा ताण तेवढं बळ, तो. हूक महाबुद्धिमान आणि तेवढाच संशयी आणि भांडकुदळ. तो डायरी लिहायचा, तिच्यात टॉम्पियनच्या नावाने ‘कुत्रा’पर्यंत शिव्या आहेत, आता याच्याकडे फिरकणार नाही अशी प्रतिज्ञा आहे, आणि पुढे परत दोघं एकत्र बसलेलेही आहेत. काम वेळेत देत नाही म्हणून गिऱ्हाईक घड्याळजीला शिव्या घालतं ही परंपरा साडेतीनशे वर्षं जुनी आहे हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

भांडण कशावरून पेटलं तर बालकमानीवरून. हेअरस्प्रिंग हो, जुने कारागीर बालकमान म्हणायचे. त्याच्या आधीचं खिशातलं घड्याळ कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे या केसाएवढ्या पट्टीची किंमत कळेल. बॅलन्स म्हणजे गोल कडं, ते इकडून तिकडे हलायचं, पण त्याला स्वतःची लय नव्हती, मागून चाकाचा धक्का बसला की हा गेला, दुसरा बसला की तो परत आला, बस. धक्का जोरात तर घड्याळ पुढे, धक्का मंद तर मागे. दिवसाला अर्धा अर्धा तास इकडे तिकडे झालं तरी कोणी तक्रार करत नसे, आणि म्हणून डायलवर एकच काटा असायचा, तासाचा. मिनिटकाटा लावून उपयोग काय? बालकमान लावल्यावर मात्र बॅलन्सला झोपाळ्यासारखी स्वतःची लय आली, लांब गेला तरी ती खेचून परत आणणार, आणि फरक अर्ध्या तासावरून काही मिनिटांवर आला. एका वळसेदार तारेने!

तर १६७५ च्या सुरुवातीला हॉलंडच्या हॉयगेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या थुरे नावाच्या घड्याळजीकडून असं घड्याळ बनवून घेतलं, बातमी लंडनला आली, आणि हूक पेटला, की हे मी कधीच शोधलंय. मग राजा दुसऱ्या चार्ल्सला दाखवायला घाईघाईने घड्याळ बनवायचं ठरलं, ते बनवलं टॉम्पियनने, आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरलं की हूकने शोधलं १६५८, टॉम्पियनने घडवलं १६७५. म्हणजे सतरा वर्षं मागची तारीख टाकून वाद जिंकायचा प्रयत्न! वादाचा निकाल काय लागायचा तो लागो, टॉम्पियनचं मात्र नाव राजाच्या दरबारात पोचलं, आणि पुढच्याच वर्षी, १६७६ ला, ग्रीनिचच्या नव्या वेधशाळेसाठी दोन मोठी घड्याळं त्याच्याकडून बनवून घेतली, तेरा फुटी लंबक, एका झोक्याला दोन सेकंद, आणि एकदा चावी दिली की वर्षभर चालणारी.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. टॉम्पियनने फार मोठा शोध लावला असं काही नाही. बालकमान हॉयगेन्सची की हूकची हे तुम्ही ठरवा, त्याची नाही. एस्केपमेंट म्हणजे चाकाचा एकेक दात अडवत सोडणारी रचना, तिच्या सिलिंडर नावाच्या प्रकाराचं एक पेटंट १६९५ चं आहे, त्यात बार्लो आणि हॉटन यांच्याबरोबर त्याचं नाव आहे, पण ती वस्तू नीट चालती केली पुढे त्याच्या सहकारी ग्रॅहमने. एक बटण दाबलं की तास आणि पाव तासाचे ठोके देणारं रिपीटर घड्याळ घ्या, त्यावर बार्लो आणि लंडनचा घड्याळजी क्वेअर यांचं १६८७ मध्ये भांडण झालं, बार्लोसाठी नमुना बनवला टॉम्पियनने, आणि राजा दुसऱ्या जेम्सने कौल दिला क्वेअरला, कारण त्याचं काम एकाच दाबात होत होतं आणि बार्लोच्या घड्याळाला दोन दाबावी लागत होती. म्हणजे तिथे तर टॉम्पियन हरलेल्या बाजूला होता.

मग मोठा कशात? कामात. दुसऱ्याची कल्पना त्याच्या हातात आली की ती रोज खिशात घालून फिरता येईल अशी वस्तू होऊन बाहेर पडायची, आणि एक नाही, शेकड्याने. त्याच्या कारखान्यातून आयुष्यभरात सुमारे साडेपाच हजार खिशातली घड्याळं आणि सुमारे साडेसहाशे मोठी घड्याळं बाहेर पडली. एकटा माणूस एवढं करूच शकत नाही, हाताखाली शिकाऊ मुलं, रोजंदारीचे कारागीर, केस बनवणारा वेगळा, कोरीवकाम करणारा वेगळा, आणि तरी सगळ्यांचं काम एका हाताचं वाटावं असं. आणि १६८० च्या आसपास त्याने आपल्या घड्याळांवर क्रमांक टाकायला सुरुवात केली, साध्या घड्याळांची मालिका वेगळी, रिपीटरची वेगळी. आज आपल्याला त्यात काहीच वाटत नाही, मिक्सरवरसुद्धा सीरियल नंबर असतो, पण त्या काळात कारखान्यातल्या मालाला असा ओळीने क्रमांक देणारे लोक हाताच्या बोटावर मोजण्याइतकेही नसतील. तुमच्या घड्याळाचा निकाल लावायला हाच क्रमांक सगळ्यात आधी बघायचा.

नक्कल का व्हायची तर नाव चालायचं म्हणून, दुसरं काय. १७०३ मध्ये टॉम्पियन त्या घड्याळजींच्या कंपनीचा मास्टर, म्हणजे प्रमुख, झाला, आणि १७०४ मध्ये कंपनीपुढे तक्रार आली की अॅमस्टरडॅममधले काही लोक आपल्या मालावर टॉम्पियन, विंडमिल्स, क्वेअर अशी लंडनची नावं कोरून इंग्लिश माल म्हणून विकतायत. म्हणजे माणूस जिवंत आहे, दुकानात बसलाय, आणि समुद्रापलीकडे त्याच्या नावाचा डुप्लिकेट माल जोरात. एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, की कोणीतरी असं नकली घड्याळ दुरुस्तीला त्याच्याकडेच आणलं, त्याने ते तिथल्या तिथे फोडलं आणि स्वतःचं एक त्याच्या हातात ठेवून म्हणाला, हे घ्या, हे माझं. आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण गिऱ्हाइकाला फुकट घड्याळ देणारा घड्याळजी मी तरी पाहिलेला नाही.

आता तुमच्या घड्याळाकडे येऊ.

पांढरा डायल. तो मिनाकारीचा असणार, म्हणजे तांब्यावर भाजलेली काच. टॉम्पियनच्या काळात डायल धातूचे असायचे, चांदीचे नाहीतर सोन्याचे, त्यात आजूबाजूची जमीन खोदून काढायची, आकडे उठावाचे ठेवायचे आणि आकड्याच्या पोटात काळं लाखेसारखं मेण भरायचं. टॉम्पियन वारला २० नोव्हेंबर १७१३ ला. इंग्लंडात पांढऱ्या डायलची चलती त्याच्या नंतर झाली. डायल बदललेला असू शकतो हे मान्य, जुन्या घड्याळाचा फुटका डायल कोणीतरी बदलून टाकला असं पुष्कळदा होतं, म्हणून एकट्या डायलवर निकाल देत नाही. पण त्या कमानींची रांग हा हॉलंडच्या बाजारातला शौक. लंडनचे लोकही डच गिऱ्हाइकासाठी तसे डायल लावायचे, त्यामुळे तेवढ्यावरही थांबत नाही.

खरी गोम मागे आहे. बॅलन्सच्या वर जो नक्षीदार जाळीचा झाकणासारखा भाग दिसतो ना, त्याला कॉक म्हणतात, तो इंग्लिश असेल तर एकाच पायावर उभा असतो. एका बाजूला रुंद पाय, तो प्लेटवर एका स्क्रूने बसवलेला, आणि तिथून गोल जाळी पुढे बॅलन्सवर छत्रीसारखी आलेली. तुमच्यात दोन पाय आहेत, दोन स्क्रू, समोरासमोर, म्हणजे तो पूल झाला. हे युरोपातल्या मुख्य भूमीवरचं काम. इंग्लिश कारागीर सहसा पूल करत नव्हता. तुमच्या घड्याळाचा निकाल माझ्यापुरता इथेच लागला, बाकी सगळं त्याला जोड.

ती जाळी भिंगाखाली बघा एकदा, दहापट मोठं दिसेल असं भिंग कुठेही मिळतं. जुन्या चार आण्याएवढी चकती, तिच्यात वेल, पानं, मानेपाशी एखादा छोटा चेहरा. चांगल्या लंडनच्या कामात प्रत्येक भोकाची कड आतून साफ केलेली असते, करवतीचा ओरखडा राहिलेला नसतो, पानाच्या टोकाशी जिथे कानस जायला जागाच नाही तिथेसुद्धा. माझ्याकडे आलेल्या दोन खोट्यांपैकी एकात वरून नक्षी झकास होती, मी क्षणभर फसलो, कॉक उलटा केला आणि खालच्या बाजूला करवत अडकून पुढे गेल्याच्या खुणा, तशाच सोडलेल्या. गिऱ्हाइकाला उलटी बाजू दिसत नाही ना! टॉम्पियनच्या कारखान्यात अशी बाजू कोणी सोडली असती तर त्याचं काय झालं असतं कोण जाणे. नाव कोरायला अर्धा तास लागतो, उलटी बाजू साफ करायला दिवस.

नंबर. खऱ्या टॉम्पियनमध्ये मागच्या प्लेटवर ठोकलेला क्रमांक असतो, आणि केसवर तोच क्रमांक मिळायला हवा. तुमच्या केसवर नंबरच नाही म्हणता. केस बदललेली असू शकते, चांदी वितळवून खाल्लेली घराणी काय कमी आहेत, पण मग मशीनवर तरी नंबर हवा, आणि तो त्याच्या मालिकेत, त्या काळाच्या कामाशी जुळणारा हवा.

आणखी एक गंमतीची वस्तू आहे, तिला टॉम्पियन रेग्युलेटर असंच नाव पडलंय. बॅलन्सच्या शेजारी छोटी चांदीची चकती, तिच्यावर आकडे, ती चावीने फिरवली की खाली एक दातेरी चाक फिरतं, ते एका अर्धवर्तुळाकार दातेरी पट्टीला ढकलतं आणि पट्टीवरच्या दोन बारीक पिना बालकमानीवरून सरकतात, म्हणजे कमान आखूड किंवा लांब होते आणि घड्याळ पुढे मागे करता येतं. पण ही चकती आहे म्हणजे टॉम्पियनचंच असं मुळीच नाही, पुढे सगळ्या लंडनने तीच पद्धत उचलली आणि शंभरएक वर्षं चालवली. पुष्कळ दुकानदार इथेच गिऱ्हाइकाला गुंडाळतात, ‘बघा बघा टॉम्पियन रेग्युलेटर’ म्हणून.

वरवर दिसतं त्यावर विश्वास ठेवून तज्ज्ञसुद्धा कसे फसतात त्याचा एक किस्सा आहे. १७०४ मध्ये फातियो नावाच्या स्विस गणितज्ञाने आणि डेबोफ्रे भावांनी माणकाला भोक पाडून ते बेअरिंग म्हणून वापरायचं पेटंट घेतलं. आपण ‘सतरा ज्वेल’ म्हणतो ना, त्याची सुरुवात इथली. त्यांनी मुदत वाढवून मागितली तेव्हा कंपनीने विरोध केला आणि पुरावा म्हणून इग्नेशियस हगफर्ड नावाच्या घड्याळजीचं जुनं घड्याळ पुढे केलं, की हे बघा, यात आधीपासून दगड आहे. मुदतवाढ गेली. पुढे फार वर्षांनी कोणीतरी ते घड्याळ उघडून नीट बघितलं, तर तो दगड नुसता शोभेचा, वर चिकटवलेला, त्याच्यात काहीच फिरत नव्हतं! त्या वेळी स्क्रू खोलायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

आता चालू का करू नका. या घड्याळात मेन स्प्रिंगचा जोर थेट चाकांना जात नाही, मधे फ्युझी असते, भोवऱ्याच्या आकाराची, तिच्यावर खाच कोरलेली, आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी तिच्यावर केसाएवढी पोलादी साखळी गुंडाळलेली. पूर्ण चावी दिल्यावर स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी भोवऱ्याच्या निमुळत्या टोकाला ओढते, चावी उतरत जाते तशी ती जाड बाजूला येते, म्हणजे जोर कमी पडतो तिथे तरफ लांब मिळते, आणि चाकांना शेवटपर्यंत सारखाच ओढा बसतो. काय डोकं आहे बघा. पण ही साखळी सायकलच्या चेनसारखी कड्या आणि रिवेट जोडून केलेली असते, गंजून आखडलेली असेल आणि तुम्ही कुठलीतरी चावी शोधून पीळ दिलात, तर ती तुटून आत चाबकासारखी फिरते, आणि मग कड्या मोजत बसा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. बाविसाव्या वर्षी, वडील जेवायला गेले असताना, एका व्हर्ज घड्याळात चावी शिल्लक आहे का न बघता मी कॉकचा स्क्रू काढला आणि बॅलन्स उचलला. अडवणारं काही राहिलंच नाही, सगळी चाकं सर्रर्र करून सुटली, आणि मुकुटासारखं जे उभ्या दातांचं चाक असतं त्याचे दोन दात टोकाला गेले. त्या चाकाचे दात नेहमी विषम असतात, अकरा, तेरा, पंधरा असे, बाजारात तयार मिळत नाही, कापून घ्यावं लागतं. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून आधी ताण उतरवल्याशिवाय मी बॅलन्सला हात लावत नाही. टॉम्पियनच्या काळच्या कामात त्यासाठी दोन प्लेटांच्या मधे बॅरलशेजारी, म्हणजे मेन स्प्रिंगच्या डबीशेजारी, बारीक वर्म स्क्रू असतो, तो फिरवत फिरवत ताण सोडायचा, वेळ लागतो, लागू दे.

आणि साफ करू नका. ब्रासो नको, दंतमंजन नको, चिंच तर नकोच नको. आतल्या पितळी प्लेटवर जो सोनेरी रंग आहे तो सोन्याचा मुलामा आहे, सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा, अशा पद्धतीचा. मुलामा देणाऱ्यांचे हाल व्हायचे त्या वाफेने. एकदा घासून गेला की तो गेला. स्प्रे ऑइलही मारू नका, ते घट्ट होऊन धूळ धरतं.

एवढं सगळं ऐकून मन खट्टू झालं असेल तर एक सांगतो, टॉम्पियनशी तुमचा संबंध नाही असं नाही. त्याचा सहकारी जॉर्ज ग्रॅहम, १६९६ च्या सुमारास त्याच्याकडे आला, त्याच्या पुतणीशी लग्न केलं, पुढे दुकान त्यानेच चालवलं आणि घड्याळांचे क्रमांकही त्याच मालिकेत पुढे नेले. ग्रॅहमनेच जॉन हॅरिसनला, समुद्रावर चालणारं घड्याळ करणाऱ्याला, बिनव्याजी पैसे दिले. त्या ग्रॅहमचा शिकाऊ थॉमस मज, आणि मजने १७५५ च्या आसपास लिव्हर एस्केपमेंट काढलं. तुमच्या घरात एचएमटी जनता असेलच कोणाचं तरी, त्यात जी टिकटिक आहे ती या लिव्हरचीच. टॉम्पियन आणि ग्रॅहम वेस्टमिन्स्टर अॅबीत एकाच थडग्यात आहेत. १८३८ मध्ये त्यावरची फरशी काढून टाकली होती, घड्याळवाल्यांनी आरडाओरडा केला, मग १८६६ मध्ये परत बसवली.

तर तुमचं घड्याळ बहुधा अठराव्या शतकातलं, युरोपात बनलेलं, लंडनच्या नावावर विकलेलं. कोटीत जाणार नाही. पण चांदीची जुळी केस, म्हणजे बाहेरची आणि आतली दोन्ही, शाबूत असेल आणि साखळी अखंड असेल तर संग्राहक ते आनंदाने घेतील, आणि तुम्ही विकू नये असं मला वाटतं. त्या दुकानदाराला फोन करून नाही म्हणून सांगा, कारण देत बसू नका.

आता एक काम करा. बाहेरची केस आणि आतली केस वेगळी करा, बाहेरची एखाद्या डबीसारखी निघते, आतली तशीच राहू द्या. दोन्हींच्या मधे गोल कापलेला कागद किंवा कापडाची चकती आहे का बघा. दुरुस्त करणारे घड्याळजी आपलं नाव पत्ता छापलेला कागद तिथे घालायचे, घड्याळ आत खडखडू नये म्हणून, आणि मागे शाईने दुरुस्तीची तारीख लिहायचे. एकाखाली एक तीन चार निघतात कधी कधी. असेल तर चिमट्याने सावकाश काढा, उन्हात ठेवू नका, दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. पणजोबांकडे हे कुठून आलं ते नावावरून कळणार नाही, त्या कागदावरून कळलं तर कळेल.